साकिबचे गोरे दोस्त

यान्बूच्या आमच्या घरात खोल्या दोनच होत्या आणि मध्ये एक हॉल, पण अम्मा तिन्ही ठिकाणी एकाच वेळी असायची. म्हणजे ती उभी स्वयंपाकघरात, आवाज घरभर. तिचं लहानपण खेड तालुक्यात खाडीकाठी गेलेलं. तिथे या काठावरून त्या काठावरच्या माणसाला हाक मारायची पद्धत, आणि ती पद्धत तिने सौदीला येताना लोणच्याच्या बरणीबरोबर बांधून आणली होती. "अगो, हळू बोल. भिंतीपल्याड मिसरी ऱ्हातो," असं अब्बा म्हणायचे. "ऱ्हाऊदे की. त्याला कोकणी कळतंय काय?" असं ती त्याहून मोठ्याने म्हणायची. दोन वर्षांत त्या इजिप्तवाल्या शेजाऱ्यालाही 'जेवायला चला' एवढं कळायला लागलं आणि जिन्यात भेटला की तो अब्बांना तेवढंच म्हणून हसायचा. एसीची घरघर, मशिदीची अजान, आणि दुपार-संध्याकाळ तांदळाची भाकरी थापल्याची थप थप, या आवाजांवर मी मोठी झाले. हामूर मासा आणला की नारळाच्या दुधातलं कालवण, त्यात गावाहून आलेली कोकमं. आजही मला कोणी 'सौदी कशी आहे हो' असं विचारलं तर माझ्या डोळ्यांपुढे वाळवंट येत नाही, ते कालवण येतं. लोक निराश होतात, त्याला माझा इलाज नाही.

अब्बा समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर कंट्रोल रूममध्ये होते. शिफ्टची नोकरी. समोर पडदे, पडद्यावर दिवे, आणि दिवा लाल झाला की अलार्म. लहानपणी शुक्रवारी समुद्रावर फिरायला नेलं की ते आम्हाला पाढे विचारावेत तसं विचारायचे, "अलार्म वाजला की पहिलं काय?" आम्ही दोघं ओरडायचो, "कळवायचं." "चूक कोणाची ते?" "ते मागनं." ही त्यांच्या प्लांटची रीत होती. ज्याच्या हातून झालं त्यानेही आधी कळवायचं, मग जाब. त्यांनी ती रीत घरातही लावलेली. काचेचा ग्लास फुटला तरी ज्याने फोडला त्याने आधी "काच पडल्येय, पाय टाकू नका" असं सांगायचं, मार त्यानंतर. तो मार मला कधीच पडला नाही आणि साकिबला नेहमी पडला, कारण ग्लास तोच फोडायचा.

साकिब माझ्याहून धाकटा. मी बारावी होऊन प्रवेशाच्या परीक्षांची तयारी करत घरी बसलेली, तो इंडियन स्कूलमध्ये अकरावीत. हुशार, उंच, आणि कंटाळलेला. यान्बूत आपल्याकडची, त्याच्या वयाची मुलं मोजकीच, त्यातली दोन त्या वर्षी बापाची नोकरी संपली म्हणून मुलखाला परत गेली. मग राहिला कॉम्प्युटर. तो अब्बांच्या हुकुमाने हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराला लागून, म्हणजे अम्माची नजर पडावी. नजर पडायची, पण पडद्यावर बंदुका घेऊन पळणारी माणसं दिसायची आणि "मेला लढाई करतोय" असं म्हणून ती पिठाकडे वळायची. कानात हेडफोन, तोंडापुढे माइक. इंग्लंड, अमेरिका, कुठकुठली पोरं एकत्र खेळायची आणि खेळता खेळता बोलायची. काही दिवसांनी साकिबचं इंग्रजीच बदललं. शब्द ओठांच्या कोपऱ्यातून यायला लागले. अम्माने त्याला दोनदा मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, दाढ दुखते म्हणून.

आणखी एक सवय लागली होती त्याला. अम्माने हाक मारली की त्याचा अंगठा आधी माइकच्या बटणावर जायचा. माइक बंद, मग "हां, येतोय," मग माइक चालू. हे इतक्या सफाईने की मला वाटायचं, केवढा शहाणा, खेळणाऱ्यांना त्रास नको म्हणून करतोय. पण अम्माचा आवाज बटणाहून चपळ. तो पलीकडे पोचायचाच, भाकरीच्या थपथपीसकट.

एकदा अम्माच्या झाडूत वायर अडकून हेडफोन तुटला. नवीन येईपर्यंत स्पीकर आणि टेबलावरचा माइक. त्या दिवसांत साकिब एकाच मुलाशी बोलायचा, बाकीच्यांना टाळायचा. का, ते मला नंतर कळलं. हा मुलगा इंग्लंडातला, आवाज फुटत आलेला, आजीकडे राहणारा. आजीला तो नॅन म्हणायचा, म्हणून अम्माने त्याचं नाव 'नानीवाला' ठेवलं. एकदा ती साकिबपुढे ताट ठेवायला आली आणि स्पीकरमधून त्या पोराची जांभई ऐकू आली. अम्मा वाकली आणि माइकला म्हणाली, "यू ईट?" साकिबचा हात बटणापर्यंत पोचलाच नाही. पलीकडे खुर्ची करकरली. मग, "नो, मिस. नॅन्स अस्लीप." अम्माने तिच्या इंग्रजीत त्याला अंडं आणि ब्रेड कसं करायचं ते सांगितलं. "मेक. ईझी. व्हाय सिटिंग हंग्री?" त्याने खरंच उठून केलं, आम्हाला तव्याचा आवाज आला. माझी हसून हसून पुरेवाट झाली. साकिब मात्र हसला नाही, कानापर्यंत लाल झाला होता. आमच्यात दारात आलेल्या गॅसवाल्यालाही 'जेवलास काय' विचारतात, त्यात लाजायचं काय, असं मला वाटलं आणि मी विसरून गेले.

त्याच्या त्या दुनियेत काय चाललं होतं ते मी आता सरळ सांगते. ती पोरं नुसती खेळत नव्हती. सुरुवात थट्टेने झालेली, काळ्यांवर, यहुद्यांवर, मुसलमानांवर, आपल्यासारख्या सावळ्यांवर. थट्टा रोजची झाली की तिची चव जाते आणि मग ती खरी वाटायला लागते. त्यांच्यात एक बाप्या होता, वयाने मोठा, कधी खेळायचा नाही, नुसता बोलायचा. जर्मनीतल्या त्या जुन्या हुकूमशहाचा भक्त. गोऱ्यांची जात बुडत चालली, आता हत्यार उचलायला हवं, ज्यांनी उचललं ते आमचे संत, असलं त्याचं कीर्तन. कोणा पोराला शाळेत मारतात, कोणाचा बाप घरी नाही, कोणाचं ऐकायला कोणी नाही, हे तो गोड बोलून काढून घ्यायचा. आणि या मंडळीत आमचा साकिब, कोकणातल्या मुसलमानाचा पोरगा, गोरा होऊन बसला होता. बाप मोठा इंजिनीअर, नोकरीपायी सौदीत अडकलो, असं त्याने सांगितलेलं. अजान ऐकू आली तरी ते खपत होतं.

कशासाठी, असं मी त्याला पुढे कित्येकदा विचारलं. तो म्हणायचा, "आपा, एकदा तरी वरच्या बाजूला बसून बघायचं होतं." मला हे कळतं. कंपनीच्या मेळाव्यात त्याने पाहिलं होतं की अब्बांच्या शेजारच्या खुर्चीवर तेच काम करणारा विलायती पासपोर्टचा तरुण 'सर' होता आणि पंधरा वर्षं काढलेले अब्बा 'अहमद'. अब्बा त्याचं मनाला लावून घेत नव्हते, पोराने घेतलं. कळतं म्हणून मी माफ करते असं नाही. हल्ली पेपरात असल्या टोळ्यांविषयी वाचते की त्या वाढताहेत, देशोदेशी पसरताहेत, त्यात मिसरूड न फुटलेली पोरं सापडताहेत. लिहिणारे रस्त्यावरून बूट आपटत जाणाऱ्या टकल्यांचे फोटो छापतात. मला तो फोटो पाहून काहीच वाटत नाही. मला आमचा हॉल आठवतो आणि तिथला कॉम्प्युटरपुढचा प्लॅस्टिकचा स्टूल.

ते सगळं फुटलं एका गुरुवारी. गुरुवारची संध्याकाळ तिकडे सणासारखी, दुसऱ्या दिवशी सुट्टी. अम्मा सांदणं वाफवत होती, घरभर गुळाचा आणि नारळाचा वास. अब्बा घरीच होते, टीव्हीपुढे नखं कापत. साकिब स्वयंपाकघरात आला आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसला. सांदण पुढे केलं तर घेतलं नाही. सांदणाला नाही म्हणणारा साकिब मी पाहिला नव्हता, म्हणून त्याच्या तोंडाकडे बघितलं. "आपा," तो म्हणाला, "नानीवाला उद्या जुम्म्याला त्याच्या घरासमोरच्या मशिदीत हत्यार घेऊन घुसणार हाय. खरंच. त्या बाप्याने त्याला चढवलाय. तो माझ्याकडे रडत होता, पण जाणार म्हणतो." मग त्याने सगळं ओकलं, बोलता बोलता हुंदके देत. मी त्याचा हात धरून त्याला तसाच हॉलमध्ये अब्बांपुढे नेला.

अब्बांनी टीव्ही बंद केला. साकिब पुन्हा पहिल्यापासून सांगत गेला आणि शेवटी म्हणाला, "अब्बा, पोलिसात गेलो तर मीच त्यांच्यातला निघेन. मला पकडतील. तुमचा इकामा जाईल. आपल्याला उद्याच्या उद्या घालवतील." हे काही त्याच्या मनाचे खेळ नव्हते. आम्हा परक्यांचं तिथलं सगळं घर इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, एका कार्डावर उभं, अब्बांची नोकरी, माझी पुढची फी, गावी अर्धं बांधलेलं घर, सगळंच. अम्मा दारात उलथनं घेऊन उभी होती आणि पहिल्यांदाच गप्प होती. मी इतकी घाबरले होते की मला वाटलं, अब्बांनी म्हणावं, कॉम्प्युटर बंद कर, आपण काही ऐकलं नाही. अब्बा नखांचे तुकडे कागदात गोळा करत होते. ते करत करत म्हणाले, "साकिब, अलार्म वाजला की पहिलं काय?" त्यांनी पुन्हा विचारलं. "कळवायचं," तो म्हणाला. "आणि चूक कोणाची ते?" "मागनं." "मग ऊठ, तोंड धू," असं म्हणून अब्बांनी कागदाची पुडी केराच्या टोपलीत टाकली.

पण कळवायचं कोणाला? पोराचं खरं नाव साकिबला ठाऊक नव्हतं, गाव ठाऊक नव्हतं. इतकंच, की घरासमोरची मशीद म्हणजे पूर्वीची सिनेमा टॉकीज, घराच्या मागून रेल्वे जाते, कोपऱ्यावर तळलेल्या मासळीचं दुकान, आणि दर शुक्रवारी नमाजाला येणारे लोक दारापुढे गाड्या लावतात म्हणून नॅन भांडते. अब्बा म्हणाले, "इंग्लंडात अशी किती असतील." तेव्हा अम्माला कंठ फुटला. "असूदेत किती ती. माणसं आपलीच असतील की," ती म्हणाली आणि पदराला हात पुसून तिने फोन उचलला.

आता आमची जमात म्हणजे काय ते सांगायला हवं. कोकणातल्या प्रत्येक मुसलमान गावाची एक जमात असते. लग्न, मयत, भांडण, सगळं जमातीत. गावची माणसं मुंबईला गेली की तिथे तिची एक फांदी, आखातात गेली की तिथे एक, विलायतेला एक. एरवी या जमातीचा उपयोग म्हणजे कोणाच्या पोरीचं कोणाशी ठरलं हे वाऱ्याआधी पोचवणं, आणि अम्मा त्या कामातली वस्ताद. तिने बायकांच्या ग्रुपवर बोलून टाकलं. खाडीकाठचा तोच आवाज. "इंग्लंडवाल्या सगळ्याजणी ऐका गो. जुन्या टॉकीजची मशीद झाल्येय, समोर घरं, मागनं रेल, कोपऱ्यावर मासळीचं दुकान, समोर एक म्हातारी गाड्यांवरनं भांडते. अशी कोणाची मशीद? थट्टा नाय हां. आताच्या आता सांगा, पोरंबाळं वाचायची हायत." मग उत्तरं यायला लागली. एकीची टॉकीज होती पण रेल्वे नव्हती. एकीने भलत्याच मशिदीचा फोटो पाठवला. एकीने मध्येच विचारलं की साकिबचं कुठे ठरलंय का, तिला अम्माने त्याच दमात झापलं. सांदणं चुलीवर लागली, वास सुटला, कोणी उठलं नाही. आणि मग एक आवाज आला, शेजारच्या गावची हलीमाबाय. "अगो बाय, ही तर आमचीच मशीद. ती म्हातारी मागच्या जुम्म्यालाच आमच्या ह्यांना शिव्या घालून गेली. काय झालंय?"

अम्माने फोन अब्बांच्या हातात दिला. हलीमाबायचे यजमान मजीदभाई त्या मशिदीच्या किल्ल्या सांभाळायचे. अब्बांनी त्यांना सगळं सांगितलं. मजीदभाई तसेच चपला अडकवून पोलिसांत गेले, आणि थोड्या वेळाने तिकडच्या पोलिसांचाच फोन आला. अब्बा त्यांच्या कंट्रोल रूमच्या इंग्रजीत बोलले, एकेक वाक्य सुटं, घाई नाही. आपलं पूर्ण नाव सांगितलं, शहर सांगितलं, नंबर सांगितला, आणि म्हणाले, "माय सन इज हिअर. ही विल टेल यू एव्हरीथिंग. ही वॉज विथ देम." अब्बांनी फोन साकिबला दिला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून तो बोलून होईपर्यंत तसाच ठेवला.

शुक्रवारी अब्बा त्याला नेहमीसारखे जुम्म्याला घेऊन गेले. इस्त्रीचा कुडता, अत्तर, सगळं. आमचा जुम्मा इंग्लंडाच्या आधी होतो, त्यामुळे ते परत आले तरी तिकडची खबर नव्हती. बिर्याणी वाढलेली, कोणी घास घेईना. अम्मा फोन पदरात घेऊन जमिनीवर बसली होती. आला तो आधी एक फोटो, हलीमाबायने पाठवलेला. मशिदीच्या दारातली चपला-बुटांची रास, लहान पोरांच्या चमकणाऱ्या सँडलांसकट. आणि खाली तिचा आवाज, "सकाळीच धरला गो त्याला, म्हातारीच्या घरातनं. पिशवीत काय काय होतं ते नाय सांगत. नमाज झाली. सगळे आपापले जोडे घालून घरी गेले." अब्बांनी तोंडावर हात फिरवला. साकिब उठून न्हाणीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ आतच राहिला. अम्मा म्हणाली, "आता जेवा." आम्ही जेवलो, आणि मी खोटं कशाला सांगू, इतकी गोड बिर्याणी मी परत कधी खाल्ली नाही.

इकामा गेला नाही. महिनाभर दाराची बेल वाजली की आम्ही दचकायचो, आणि दारात बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, पोरगा पाण्याची बाटली घेऊन उभा असायचा. इंग्लंडचे पोलीस मात्र पडद्यावरून साकिबला प्रश्न विचारायला पुष्कळदा आले. अब्बा शेजारी बसायचे. त्या बाप्याचाही त्यांनी पुढे माग काढला म्हणे. अशाच एका बैठकीत पोलीसबाईने विचारलं की तुझ्या घरात एका बाईचा आवाज यायचा असं तो मुलगा सांगतो, ती कोण? साकिब खाली बघत म्हणाला, "माय मदर. बट आय टोल्ड देम शी वॉज द मेड."

अम्मा तिथेच तांदूळ निवडत होती. तिचं इंग्रजी अंडं-ब्रेडपुरतं, पण 'मेड' म्हणजे काय हे सौदीत राहणाऱ्या बाईला कळत नाही असं होईल का? तांदूळ निवडून झाले, धुवून झाले, भात चढला. मला साकिबचा असा राग आला होता की मशिदीच्या गोष्टीचाही तेवढा आला नव्हता. रात्री ताटं मांडताना अम्माने त्याच्यापुढे भाकरी ठेवली आणि विचारलं, "मोलकरीण ठेवलास ती ठेवलास, पगार काय सांगितलास माझा?" अब्बा हसले. साकिब हसायला गेला आणि त्याला रडू फुटलं. अम्माने त्याला रडू दिलं. तिचेही डोळे भरलेले, पण पदर लावला नाही, भाकरीवर तूप घालत राहिली. "जेव," एवढंच म्हणाली.

तिच्या डोक्यात वेगळंच चाललेलं. "त्या म्हातारीला आता कोण बघतंय?" असं तिने हलीमाबायला विचारलं. हलीमाबाय भडकली, म्हणाली, आमचे जीव घ्यायला निघालेला तो. अम्मा म्हणाली, "तो निघालेला. म्हातारी कुठे निघालेली? ती झोपलेली." शेवटी हलीमाबायने नाइलाजाने एक डबा नेऊन दिला. म्हातारीने दार उघडलं नाही, डबा पायरीवर राहिला. पुढच्या शुक्रवारी तो धुऊन मशिदीच्या पायरीवर परत आला, आणि त्याच दिवशी तिने मजीदभाईंना पार्किंगवरून शिव्या घातल्या. अम्माला हे ऐकून फार बरं वाटलं.

शेवटचं एक सांगते. वर्षभराने साकिबने बाहेरच्या एका कॉलेजला अर्ज केला होता. मुलाखत पडद्यावर, त्याच हॉलमध्ये, तोच स्टूल. अब्बा शिफ्टला गेलेले. मी अम्माला स्वयंपाकघरात दाबून धरलं होतं, भाकरी नाही, भांडं नाही, बोलणं तर नाहीच. साकिब छान बोलत होता, स्वतःच्या साध्या इंग्रजीत. समोर एक पिकल्या केसांचा गोरा प्रोफेसर. मुलाखत लांबली, आणि अम्माच्या मनात जेवणाची वेळ झाली. मी वळून बघते तो ती दारात. "साकिब, जेवायला चल रे." खाडीकाठचा आवाज. प्रोफेसर दचकला. साकिबचा अंगठा सवयीने बटणावर गेला. मी बघत होते. तो तिथेच थांबला आणि मग बाजूला आला. "सर, वन मिनिट," तो म्हणाला, आणि उठून त्याने अम्माला हाताला धरून कॅमेऱ्यापुढे आणलं, पिठाचे हात तसेच. "सर, धिस इज माय मदर."

अम्माने पदर सारखा केला, वाकून पडद्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "यू ईट?"

"नॉट येट, मॅडम," प्रोफेसर म्हणाला.

"फर्स्ट ईट," अम्मा म्हणाली. "देन आस्क माय सन."